येशप्पाचं तोंड कुणीकडं

निलम्माच्या दारात चपलासुद्धा शिस्तीत बसतात. बोटं रस्त्याकडं, टाचा उंबऱ्याकडं. कुणी घाईत कशाही काढून आत आलं, तर मग तो पाहुणा असो की पास्टर, त्याला परत बाहेर जाऊन त्या फिरवून ठेवाव्या लागतात. उलथन्याचा दांडा उजवीकडं, अंथरुणाची उशी भिंतीकडं, घागरीवरचा तांब्या पालथा. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिनं सारी नोकरी काढली, तिथंही पोरांच्या ताटल्या ती दोरी धरल्यासारख्या मांडायची. "वाकडं दिसलं की माझ्या टकुऱ्यात किडा वळवळतो," असं ती स्वतःच सांगते, आणि ते अगदी खरं आहे.

अशा बाईला देवानं नवरा दिला तो येशप्पा. शाळेत शिपाई. सदऱ्याची गुंडी एक घर सोडून लावणारा, आणि रात्री नीट झोपून सकाळी उशीवर पाय ठेवून उठणारा. "रातभर कुठं फिराया गेलते?" असं ती रोज विचारायची आणि तो रोज हसायचा. बोलणं कमी, हसणं जास्त. उदगीरकडची ही तोंडाळ पोर त्या मुक्या माणसाच्या घरात कशी नांदणार, अशी सासरच्यांना काळजी होती. ती नांदली. दोघांच्या वाटणीचं ती एकटीच बोलली.

एकच गोष्ट अशी होती, की जिथं येशप्पा वाघ आणि निलम्मा गप्प. त्याच्या हातात खंजिरी आली की माणूस पार बदलायचा. सीमेवरच्या औराद तालुक्याच्या टोकावरचं ते गाव. ख्रिस्ती वस्ती लहानच. तिथली प्रार्थना कन्नडात, गाणी मराठीत आणि भांडणं दोन्हीत चालतात. पण ईस्टरच्या पहाटे त्या वस्तीत कुत्रंसुद्धा मागं राहत नाही. येशप्पा अंधारात दारोदार खंजिरी वाजवत सगळ्यांना उठवायचा आणि ओढा ओलांडून माळावरच्या कबरस्तानात घेऊन जायचा. तिथं माणसं कबरींच्या मधून उभी राहतात, तोंडं पूर्वेला, आणि सूर्याची वाट बघतात. गाणं सांगणारा तेवढा सगळ्यांच्या पुढं, शेवटच्या कबरीच्याही पलीकडं, लोकांकडं तोंड करून. म्हणजे सूर्याकडं पाठ करून. आणि गंमत अशी, की सूर्याची कड वर आली रे आली, की येशप्पाची थाप पडायचीच. "ख्रिस्त उठला हाय!" तो ओरडायचा, आणि सगळा माळ उत्तर द्यायचा, "खरंच उठला हाय!"

पाठीला डोळे नसताना या माणसाला कळायचं कसं? निलम्मा दर वर्षी विचारायची.

"कळतंय," तो म्हणायचा. बस्स, एवढंच.

तिला त्याचा राग यायचा. "समद्या गावानं उगवता सूर्य बगायचा आन् तुम्ही तेवढं त्याच्याकडं पाठ करून हुभं राहायचं. एकदा तरी वळून बगा की!" तो कधी वळला नाही. त्या माणसानं उभ्या आयुष्यात ईस्टरचा सूर्य पाहिला नाही, हे तिच्या मनात कुसळासारखं राहिलं.

गेल्या भादव्यात येशप्पा गेला. ताप आला, उतरला, परत आला आणि माणूस घेऊन गेला. ज्या दिवशी पुरायचं त्या दिवशी आभाळ फाटलं होतं. ओढ्याला छातीएवढं पाणी, त्यामुळं कबरस्तानाची नेहमीची वाट बंद. येशप्पाचा चुलतभाऊ भीमराज आणि वस्तीतले गडी पेटी घेऊन लांबच्या वाटेनं गेले, पाटलाच्या सोयाबीनमधून, मागच्या अंगानं. चिखल गुडघ्यापर्यंत. बायामाणसं मागून छत्र्या सावरत. कशीबशी प्रार्थना झाली, पेटी उतरवली, माती लोटली.

तिसऱ्या दिवशी निलम्मा फुलं घेऊन गेली तेव्हा ऊन पडलं होतं. ती ढिगापाशी उभी राहिली आणि तिच्या टकुऱ्यात किडा वळवळला. पेटी उतरवताना आपण डोक्याच्या बाजूला हात लावला होता, आणि हातावर लिंबाच्या झाडाचं पाणी ठिबकत होतं. पण लिंब तर पूर्वेच्या बांधावर आहे. मग डोकं पूर्वेला कसं?

ख्रिस्ती माणसाला पुरायची एक रीत असते. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे शेवटच्या दिवशी कर्णा वाजला आणि मेलेले उठून बसले की तोंडं उगवतीकडं. त्या माळावर सगळे तसेच निजलेले आहेत. निलम्मा तडक भीमराजच्या दारात गेली.

"भीमराज, पेटी मागल्या अंगानं आणली न्हवं?"

"व्हय वैनी. ओढ्याला पाणी किती व्हतं बगितलंत की."

"पाय पुढं करून?"

"पायच पुढं असत्यात."

"आन् मग आत आल्यावर फिरवली?"

भीमराजचं तोंड उघडं पडलं. "फिरवायची कशाला? दर येळी आपण आत जातो आन् सरळ खाली ठिवतो..." त्यानं फेटा काढून डोकं खाजवलं. नेहमीच्या वाटेनं आत शिरलं की चालणाराचं तोंड पूर्वेला असतं, म्हणून सरळ ठेवलं की बरोबर. मागच्या अंगानं शिरलं की सगळं उलटं. आजे-पणजे तसंच ठेवत आले, म्हणून यांनीही तसंच ठेवलं. डोकं कुणी चालवलं नाही. जित्तेपणी रोज उलटा झोपणारा नवरा मेल्यावर तरी सरळ झोपेल, ही एक आशा होती, तीही भावकीनं धुळीला मिळवली.

तेव्हापासून निलम्माला चैन नाही. येशप्पाला फिरवून ठेवायचं, ईस्टरच्या आत. एवढंच तिचं मागणं होतं, आणि त्यासाठी तिनं सगळ्यांचे उंबरे झिजवले.

पास्टर अनिलकुमार बिदरकडचा, तरुण, गोड बोलणारा. चपला न सांगता फिरवून ठेवतो, म्हणून निलम्माचा लाडका. तो म्हणाला, "निलम्मक्का, देवाला चारी दिशा सारख्याच."

"मग बाकी समद्यांना पूर्वेकडं कामून ठिवलं?"

"ती आपली पद्धत आहे."

"मग ह्यांना तेवढी पद्धत न्हाई?"

पास्टरनं प्रार्थना करू म्हणून सांगितलं. निलम्मा म्हणाली, प्रार्थनेनं पेटी फिरत असंल तर आत्ता करा, मी बसते हितं. पेटी फिरली नाही. मग तिनं एस.टी. धरली आणि कबर उकरायची परवानगी मागायला सरकारी कचेरी गाठली. तिथल्या कारकुनानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "संशय हाय का?"

"कसला?"

"मरणाबद्दल."

"मरणाबद्दल न्हाई. पुरण्याबद्दल हाय."

"मग आमच्याकडं तसली सोय न्हाई, अक्का," तो म्हणाला आणि चहा प्यायला उठून गेला. येताना एस.टी.त तिला जागाही मिळाली नाही. ती उभ्यानं आली, आणि सगळ्या वाटेत कंडक्टरशी भांडली. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

फेब्रुवारी उलटला तसा चनमल्लप्पा गवंडी विचारायला आला. कबर सिमेंटनं बांधायची आणि वर क्रूस उभा करायचा, हे ठरलेलंच होतं. क्रूस डोक्याशी असतो. इतर कबरींचे सगळे क्रूस पश्चिमेच्या टोकाला, एका रांगेत. चनमल्लप्पानं टेप काढली आणि नेमका तोच प्रश्न विचारला. "क्रूस कुण्या अंगाला, अक्का?"

निलम्मानं पदर खोचला, सोडला, परत खोचला.

"आमच्यात बरं हाय," तो बिचारा तिची समजूत काढायला म्हणाला. तो लिंगायत. "आमच्यात माणसाला बसवूनच ठिवत्यात. झोपायचा घोळच न्हाई."

वस्तीतल्या बायकांनी सल्ला दिला, की रांगेतच लावून टाक, वरून कुणाला काय कळतंय. निलम्मा त्यांच्या अंगावर धावून गेली. "म्हंजे नवऱ्याच्या पायापाशी क्रूस ठोकू? आधी चूक करायची आन् मग तिच्यावर सिमिट वतून पक्की करायची?" पण डोक्याशी लावावा, तर तो एकटाच दुसऱ्या टोकाला. येणारा-जाणारा प्रत्येक जण बोट दाखवून विचारणार, हे असं उलटं कामून? इकडं आड, तिकडं विहीर. तिनं चनमल्लप्पाला परत पाठवलं. भादव्यात लोटलेला मातीचा ढीग तसाच राहिला. बेशरमासारखं त्याच्यावर गवत उगवलं आणि वाळलंही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी पोरांना घेऊन कबरींना चुना लावायचा, हे काम निलम्माचं. रविवारची शाळा तीच चालवते. पोरं नऊ-दहा, बादल्या दोन, अंगावर चुना जास्त आणि कबरींवर कमी. हात चालू ठेवून तोंडानं गोष्ट सांगायची, ही तिची तऱ्हा.

"उद्या अंधारात कामून उठायचं, सांगा बरं?"

"मज्जा येती म्हणून," एक जण म्हणाला.

"मज्जेचं सोड. येशूला शुक्रवारी पुरलं. गडबडीत पुरलं. सांजेला तिथल्या लोकांचा विसाव्याचा दिस लागायचा व्हता. तो लागला की काम बंद. म्हणून त्याला नीट सुगंधी तेल लावता आलं न्हाई, काही न्हाई. बायांच्या जिवाला ते लागलं. आपल्या माणसाचं शेवटचं झालं, आन् ते बी धड झालं न्हाई..." निलम्मा कुंचला बादलीत बुडवून उगाचच ढवळत राहिली.

"मग?" सोनू म्हणाली. ही भीमराजची नात, दुसरीतली. हिला अर्धवट काही चालत नाही.

"मग काय! शनिवार समदा तळमळत काढला. रविवारी अजून अंधार हाय तवाच निघाल्या. सूर्य उगवायचीबी वाट बगितली न्हाई. म्हणून आपण बी अंधारातच निघतो. त्या बायांच्या मागं मागं जायलाव असं समजायचं."

"आन् गडी कुठं व्हते?"

"गडी कडी लावून बसलते घरात." पोरं खिदळली. निलम्मालाही जरा बरं वाटलं. "तर गेल्या बगा तिथं. तोंडावरची धोंड सरकलेली, आत कुणीच न्हाई. मरिया नावाची बाई व्हती, ती रडत बसली थडग्याकडं बगत. तिला वाटलं, कुणी तरी नेलं आपल्या धन्याला. आन् तो कुठं व्हता? मागंच हुभा! ती मागं वळली तरी वळखंना. तिला वाटलं माळी हाय. मग त्यानं नावानं हाक मारली, मरिया, तवा उजेड पडला तिच्या डोक्यात. म्हणून आपण सूर्य उगवताना तिथं जातो. अंधारात जायचं, थांबायचं, आन् उजेड आला की समद्यांनी मिळून सांगायचं, उठला म्हणून. आन् ही समदी निजलेली माणसं बी एक दिस अशीच उठणार. उठून बसली की तोंडं उगवतीला. म्हणून तिकडं पाय."

सोनूनं चुन्याचा हात झग्याला पुसला आणि त्या एकट्या मातीच्या ढिगाकडं बघितलं. "आन् खंजिरीवाले अप्पा? त्यांना तर उलटं ठिवलंय. ते उठल्यावर कुणाला बगत्याल?"

"गप चुना लाव!" निलम्मा एवढ्या मोठ्यानं ओरडली, की लिंबावरचे कावळे उडाले. सोनूचे डोळे भरले. निलम्मालाच मग लाज वाटली. लेकराचं काय चुकलं? चुकलं ते घोड्यासारख्या वाढलेल्या गड्यांचं, आणि ते कुणी कबूल करत नाही. घरी जाताना तिनं सोनूला फुटाणे घेऊन दिले. सोनूनं ते खाल्ले, पण रुसवा सोडला नाही.

ईस्टरच्या पहाटे वस्तीला उठवायला कुणी आलं नाही. मोबाइल वाजले. प्रत्येकाचा वेगळा, पुढं-मागं, त्यामुळं माणसंही पुढं-मागं निघाली, विस्कटलेली. निलम्मानं येशप्पाची खंजिरी पदराखाली घेतली होती. गाण्यासाठी नाही. ती ढिगावर नेऊन टाकायची आणि सांगायचं, घ्या, तुमची तुम्हीच वाजवा, असं तिनं रागानं ठरवलं होतं.

माळावर गार होतं. माणसं कबरींच्या मधून उभी राहिली. नवा चुना अंधारातही पांढरा दिसत होता, आणि शेवटच्या रांगेतला तो ढीग काळा. पास्टरच्या वाट्याला तीन गावं. या गावाला येताना वाटेत त्याची गाडी पंक्चर झाली. फोन आला, तुम्ही सुरू करा. पण सुरू कुणी करायचं? भीमराजचा घसा उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, प्रार्थनेत बसला होता, त्यातून फक्त हवा येत होती. बाकीचे एकमेकांकडं बघू लागले. एक बाळ रडू लागलं. पूर्वेला फटफटत चाललं होतं. येशप्पाशिवायचा पहिला ईस्टर असा फुकट जायला लागला, आणि निलम्माच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एक माणूस गेला तर सगळी वस्ती मुकी?

तिनं पदराखालून खंजिरी काढली आणि तरातरा पुढं गेली. शेवटच्या कबरीच्या पलीकडं, बांधाजवळ, तो उभा राहायचा तिथंच. जाऊन उभी राहिली पूर्वेकडं तोंड करून, जन्मभराच्या सवयीनं.

"वैनी," भीमराज मागून बसक्या घशानं कसंबसं म्हणाला, "इकडं तोंड करा. लोकांकडं."

म्हणजे आता सूर्यही गेला. नवरा गेला, कबर उलटी, ढीग उघडा, आणि आता ही एक वर्षातून एकदा मिळणारी गोष्टही हातची गेली. दात खाऊन ती वळली. तिच्या पुढ्यात येशप्पाचा ढीग होता, आणि पलीकडं सगळी वस्ती, नुसत्या काळ्या सावल्या. तिनं खंजिरीवर थाप मारली, सूर धरला. आवाज फाटका निघाला. लोकांनी मागून धरला, आणि गाणं कसंबसं उभं राहिलं.

कड वर आली की आरोळी द्यायची. पण कळणार कसं? मान वळवून बघावं असं तिला फार वाटलं. येशप्पा कधी वळला नाही, म्हणून तीही वळली नाही. चिडून समोर बघत राहिली.

आणि मग भीमराजच्या फेट्यावर काही तरी लागलं. तो सगळ्यांत उंच. केशरी उजेड फेट्यावर आला, तिथून कपाळावर उतरला. मग शेजारच्याच्या कपाळावर, मग बायकांच्या पदरांवर, नाकातल्या चमक्यांवर. एकेक तोंड अंधारातून वर येत होतं. क्रुसावरून जिच्याशी भांडली ती बाई, जिच्याशी चार वर्षं बोलत नाही ती जाऊ, रडणारं बाळ, दात पडलेली म्हातारी, सगळ्यांची तोंडं एकाच रंगाची आणि सगळ्यांचे डोळे उघडे. शेवटी उजेड खाली सोनूपर्यंत आला. ती गाल फुगवून उभी होती. ऊन तोंडावर येताच तिनं डोळे बारीक केले, आणि निलम्माकडं बघून हसली.

निलम्माची खंजिरी थांबली होती. तिला ते कळलंच नाही. सूर्य चांगला हातभर वर आला तरी आरोळी नाही. लोक थांबलेले. भीमराज हातानं खुणावतोय.

"ख्रिस्त उठला हाय!" ती ओरडली, उशिरा आणि फाटक्या गळ्यानं.

"खरंच उठला हाय!" सगळा माळ म्हणाला.

प्रार्थना झाली, पास्टर गाडी ढकलत आला, चहा-बिस्किटं झाली. माणसं ओढ्याकडं उतरू लागली, तेव्हा निलम्मानं भीमराजला थांबवलं. "उद्या चनमल्लप्पाला बोलीव. क्रूस डोक्याशी लावायचा. हितं, उगवतीच्या अंगाला."

"वैनी, समद्यांत एकलाच उलटा दिसंल."

"दिसू दे. कुणी इचारलं तर सोनू सांगंल, ते कुणाला बगत्यात म्हणून."

भीमराजला काही उमगलं नाही, पण तो मान हलवून गेला. निलम्मा ढिगापाशी बसली. वाळलेलं गवत उपटून बाजूला टाकलं. राग गेला नव्हता. उलट आता नव्यानंच आला होता.

"हे बगत व्हता व्हय, इतकी वर्षं? एकटेच?" ती म्हणाली. "मी दरसाली इचारत व्हते की तुम्हाला. एकदा तरी सांगायचं व्हतं."